आधी सांगा, मग विचारा

छापखान्यातलं यंत्र नेमकं त्याच क्षणी थांबायला नको होतं. पण थांबलं... आणि त्या खडखडाटावर मात करायला म्हणून जुळाऱ्याने चढवलेला आवाज सगळ्यांना ऐकू गेला —

“बाई, पाळी संपलीय! आता काय करायचं?”

दारात उभी असलेली मुलगी भिजलेली छत्री मिटत होती. छत्री अर्धीच मिटली. कोपऱ्यात पानं शिवणारे दोघे एकदम खाली मान घालून शिवू लागले. मालकांना खोकल्याची उबळ आली. आणि बोलणारा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला, हनुवटीवर जुन्या जखमेची खूण असलेला उंच जुळारी... त्याचे आधी कान लाल झाले, मग गाल, मग मान.

“म्हणजे... ळ संपलाय,” तो म्हणाला. “अक्षर. ळ. बाळातला ळ.”

ही गोष्ट खूप वर्षांपूर्वीची. तेव्हा पुस्तकं शिशाच्या खिळ्यांनी छापली जायची. एका अक्षराचा एक खिळा. लाकडी खणांमधून एकेक खिळा उचलून शब्द जुळवणारा तो जुळारी. ळ तसा कमी लागणारा, म्हणून त्याच्या खणात खिळेही कमी. आणि त्या महिन्यात इथे छापल्या जाणाऱ्या एका मासिकात डॉक्टरबाईंच्या सदरात सलग चार पानं मासिक पाळीवरच होती! दुसरं पान संपता संपताच ळ खलास.

मुलीच्या हातातली मासिकाची निळी पिशवी पाहूनच त्याने तिला हाक मारली होती. ती तिथे पहिल्यांदाच येत होती. एरवी मजकूर घेऊन शिपाई यायचा, पण तो तापाने झोपला होता.

“दुसरा एखादा शब्द नाही का चालणार?” त्याने आवाज अगदी खाली आणून विचारलं.

“कोणता?”

“तो... बायका म्हणतात तो.”

“बायका काय म्हणतात?” तिने अगदी भोळेपणाने विचारलं. ती भोळी नव्हती.

त्याने खिळ्यांच्या खणात काहीतरी शोधल्यासारखं केलं. “अडचण म्हणतात,” तो खिळ्यांना म्हणाला.

“आमच्या डॉक्टरबाईंना नाही चालत. अडचण रस्त्यात असते म्हणतात, शरीरात नाही.”

“मग ल घालू? मी कच्चं पान काढलंय तसं. बघा.”

तिने ते ओलं पान उजेडाकडे धरलं आणि वाचलं — “‘माझी पाली वेलेवर येत नाही, आणि आली की आठ-आठ दिवस जात नाही...’”

पुढे तिला वाचवेना. ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “अहो, लोक दवाखान्यात पाली पळवायचं औषध मागायला येतील!”

मग तोही हसला. कानांची लाली अजून तशीच होती, पण हसला. म्हणाला, “एक करता येईल. पहिली दोन पानं आज छापून घेतो. खिळे मोकळे झाले की त्याच ळंमधून पुढची दोन परवा. पण मग तुम्हाला परत यावं लागेल.”

“येईन की,” ती म्हणाली. जरा लवकरच म्हणाली, असं तिला जिना उतरताना वाटलं.

शिपाई पुढच्या आठवड्यात बरा झाला. पण छापखान्यात जायचं काम काही त्याच्याकडे परत गेलं नाही.

तिला कचेरीत सगळे ‘सुवाच्य’ म्हणायचे. डॉक्टरबाईंनीच ठेवलेलं नाव. त्यांचं स्वतःचं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ. हिचं अक्षर मोत्यासारखं. दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्यांतून आरोग्याचं एक मासिक निघायचं. त्यात ‘मोकळं बोलू या’ या सदरात लोक डॉक्टरबाईंना पत्रं लिहायचे. नाव न देता, पत्ता न देता. जे आईला, बायकोला, सख्ख्या भावालाही विचारता येत नाही, ते विचारायचे. सुवाच्यने पत्रं फोडायची, वाचायची, स्वच्छ उतरवायची, आणि मूळ पत्रं लोखंडी कपाटात ठेवून द्यायची.

“इथलं पत्र कोणाचं, ते आपण विचारत नाही,” डॉक्टरबाईंनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “ओळखलंस तरी ओळखायचं नाही. जिना उतरताना विसरायचं.”

साठीला टेकलेल्या डॉक्टरबाई जाड चष्म्याआडून बघायच्या आणि इतक्या मोठ्याने बोलायच्या, की खाली रांगेतल्या बायकांना दुसऱ्याच्या तब्येतीचं निदान फुकट ऐकायला मिळायचं. पण या एका बाबतीत त्यांचं तोंड म्हणजे कुलूप.

छापखान्यात कच्ची पानं तपासायची एक पद्धत होती. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापलेल्या पानावर नजर ठेवायची. एक पान ती वाचायची, एक तो. महिन्यातून दोनदा, दुपारी, मागच्या खोलीत, पत्र्याच्या छपराखाली. पाऊस असला की पत्रा असा वाजायचा की वाचलेलं ऐकू येत नसे. मग दोन्ही स्टुलं जवळ ओढावी लागायची. अगदी जवळ नाही... पण शाईचा आणि त्याच्या साबणाचा वेगवेगळा वास कळेल इतकी.

सुरुवातीला त्याची फार पंचाईत व्हायची. ‘स्तन’ आला की तो “हं” म्हणून पुढे जायचा.

“हं म्हणजे?” ती पेन्सिल थांबवायची.

“तेच ते.”

“तेच ते असं छापायचंय का?”

“...स्तन,” तो म्हणायचा, खिडकीकडे बघत.

“शाबास. आता माझी पाळी.”

आणि मग दोघंही त्या शब्दाला हसायची.

तीनचार महिन्यांत त्याची भीड चेपली. एक मुलगी लिहायची की माझ्या छातीची एक बाजू मोठी आहे, मी कुणाला दाखवण्यालायक नाही. एक माणूस लिहायचा की लग्नाला चार वर्षं झाली, बायकोजवळ गेलो की हातपाय गार पडतात. पन्नाशीची बाई लिहायची की अंगातून वाफा निघतात आणि घरातले म्हणतात, हिचा स्वभावच तापट. वाचता वाचता ती दोघं त्या माणसांविषयी बोलायला लागायची, जणू शेजारीच राहतात. “त्याने बायकोला सांगितलं असेल का हो?” “कसलं सांगतोय! तिकडे तोंड करून झोपत असेल.” “आणि तिला वाटत असेल, मीच आवडत नाही...” मग नुसता पत्रा वाजत राहायचा.

एकदा एक वेगळंच पत्र होतं. मुलगा म्हणून वाढलेल्या कुणाचं, जिला आतून लहानपणापासून ठाऊक होतं की आपण मुलगी आहोत.

“यात एक गंमत झाली,” जुळारी म्हणाला. “गंमत नाही... काय म्हणू. सुरुवातीला लिहिलंय, ‘मी शाळेत गेलो’. आणि शेवटी, ‘मी थकले’. मला वाटलं उतरवताना तुमची चूक झाली. खिळा बदलायला हात घातलासुद्धा.”

“माझी चूक होत नाही.”

“म्हणून तर थांबलो. परत वाचलं. मग कळलं, पत्र लिहिता लिहिता तिचा धीर वाढत गेलाय. पहिल्या ओळीत नव्हता, शेवटच्या ओळीत आला.” त्याने तो ‘ले’चा खिळा काळ्या बोटाने हळूच नीट बसवला. “तेवढ्यासाठी केवढं मोठं पत्र लिहावं लागलं बिचारीला.”

सुवाच्य त्याच्याकडे बघत राहिली. ते पत्र उतरवताना तिलाही हे कळलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना ती आपला नेहमीचा रस्ता चुकली, आणि दोन गल्ल्या पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं.

आता, पाळीवर इतकं बिनधास्त बोलणाऱ्या या मुलीला स्वतःला मात्र पाळी कधी आलीच नव्हती.

सतरा संपेपर्यंत आईने वाट पाहिली. मग डॉक्टरबाईंकडे घेऊन आली. तपासण्या झाल्या. डॉक्टरबाईंनी त्या एका दिवशी आवाज खाली ठेवला होता. म्हणाल्या, “बाळ, तू मुलगीच आहेस, सगळी छान वाढलीयेस. पण तुझ्या पोटात गर्भाशय तयार झालेलं नाही. हजारो मुलींत एखादीचं असं होतं. तुझा दोष नाही, आईचा नाही, कुणाचाच नाही. संसार करशील, मूल मात्र तुझ्या पोटातून येणार नाही.”

आई घरी येऊन दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “कुणाला सांगायचं नाही.” तेव्हापासून स्थळं आली की “तिला अजून शिकायचंय”, शिकून झालं की “तिला नोकरीत रस आहे”. सुवाच्य सव्वीस वर्षांची झाली. आपल्या वाट्याला हा विषयच नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं, आणि तो निश्चय मोडायला कुणी छत्री आपटत येईल असं तिला वाटलं नव्हतं. छत्री आपटत ती स्वतःच गेली होती, हा भाग वेगळा.

थंडी सुरू झाली तेव्हा एके सकाळी तिने टपाल फोडलं. चौथं पत्र हातात घेतलं आणि तिचा हात थांबला.

र-ची शेपटी पुढच्या अक्षराच्या पायात अडकलेली. हे अक्षर तिने शंभर वेळा पाहिलं होतं. कच्च्या पानांच्या कडेला — ‘इथे वेलांटी हवी का?’ ‘हे बघा’, ‘चहा सांगितलाय’.

तिने पत्र मिटायला हवं होतं. पण वाचणं हेच तर तिचं काम होतं.

‘माझं वय एकतीस. चौदाव्या वर्षापासून मला फिट येते. गोळ्या नेमाने घेतो. गेल्या तीन वर्षांत एकदाही आली नाही. मागे माझं लग्न ठरलं होतं. घरच्यांनी मुलीकडे हे लपवलं. मला ते सहन होईना, मी तिला सांगितलं. लग्न मोडलं. तिचा मला राग नाही. आता एक व्यक्ती आहे, महिन्यातून दोनदा भेटते. त्या दिवशी मी सकाळपासून साबणाने हात घासतो, तरी शाई जात नाही. तिला आधी विचारू की आधी सांगू? आणि माझ्या मुलांना हा त्रास होईल का? मला मुलं फार आवडतात. त्यांची स्वप्नं पाहण्याचा मला हक्क आहे का, तेवढं सांगा.’

खाली सही नव्हती.

सकाळपासून हात घासतो... हे वाचून गालावर आलेलं हसू, ‘मुलं फार आवडतात’ यापाशी येऊन विझलं होतं.

तिने पत्र उतरवलं. डॉक्टरबाईंपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्म्यावरून एकदा तिच्याकडे पाहिलं, काही न बोलता उत्तर लिहिलं. तेही तिनेच उतरवलं, मोत्यासारख्या अक्षरात. ‘आधी सांगा, मग विचारा. फिट येणं म्हणजे वेड नव्हे, शाप नव्हे. मेंदूत क्षणभर विजेची गडबड होते, एवढंच. गोळ्या मनाने बंद करू नका. बहुतेकांच्या मुलांना हा त्रास होत नाही. स्वप्नं जरूर पाहा. आणि सांगितल्यावर समोरची व्यक्ती गप्प झाली, तर घाई करू नका.’

‘स्वप्नं जरूर पाहा.’ ती ओळ लिहिताना तिने टाक दोनदा बुडवला.

आठ दिवसांनी मागच्या खोलीत दोन्ही स्टुलं नेहमीसारखी मांडलेली होती. पाऊस नव्हता, तरी जवळ होती. त्याने आदलं पान वाचून संपवलं, पुढचं पान हातात घेतलं... आणि तिच्यापुढे धरलं.

“हे तुम्ही वाचा.”

“आधीचं तर मीच वाचलं—” ती बोलून गेली आणि थांबली. खरंतर पान तिच्याच वाट्याचं होतं. तिला ते टाळायचं होतं.

तिने वाचायला सुरुवात केली. माझं वय एकतीस. चौदाव्या वर्षापासून... तो छापलेल्या पानावर नजर ठेवून होता, पेन्सिल हातात, पण पेन्सिल हलत नव्हती. ‘सकाळपासून साबणाने हात घासतो’ हे वाचताना तिला खाली मान घालूनही त्याचे हात दिसत होते. त्याने ते हळूच गुडघ्यांखाली घेतले. ‘मला मुलं फार आवडतात’ इथे ती थांबली. तिने घोटभर पाणी प्यायलं, आणि पत्र पूर्ण वाचलं. उत्तरही वाचलं.

बाहेर यंत्र चालू होतं. खडखड, खडखड.

“हे पत्र कोणाचं असेल, काय वाटतं?” त्याने विचारलं.

“आम्ही ते विचारत नाही.”

“नका विचारू. मीच सांगतो.” त्याने पेन्सिल खाली ठेवली. “माझं आहे.”

“अक्षर ओळखलं होतं मी.”

“...म्हणजे आठ दिवस तुम्हाला माहीत होतं?”

“विसरायचा प्रयत्न करत होते. नियम आहे तसा.”

“मग? विसरलात?”

“नाही ना.”

तो हसला. केवढा सुटल्यासारखा हसला! हनुवटीवरच्या खुणेला हात लावून म्हणाला, “ही त्यातलीच. सायकलवरून पडलो असं सांगतो सगळ्यांना. तर... सांगून झालं माझं. आता विचारू का?”

त्या क्षणी तिला काय हवं होतं म्हणाल, तर एवढंच, की त्याने विचारावं आणि आपण हो म्हणावं. पण तोंडून आलं ते — “आज नको.”

आणि पिशवी उचलून ती निघालीच. मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर त्याचा चेहरा तिला आयुष्यभर छळत राहिला असता.

घरी आई मटार सोलत बसली होती. सुवाच्यने सगळं सांगितलं. आई शेंगा तशाच टाकून तिच्याकडे वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांनी उजेड आला.

“अगं, मग चांगलंच झालं की! त्याच्यात एक उणं, तुझ्यात एक उणं. फिट्टंफाट! तो तुला नावं ठेवायचा नाही, तू त्याला नाही.”

“आई, मी त्याच्याकडे त्यासाठी जात नाही गं.”

“कशासाठी जातेस मग?”

“तो... तो चुकीचा खिळा असेल असं समजून हात घालतो, आणि मग थांबतो. परत वाचतो. म्हणून.”

आईला यातलं अक्षरही कळलं नाही. पण लेकीचा आवाज कळला. ती परत मटार सोलायला लागली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, “मी तुला गप्प बसायला लावलं. भीतीने लावलं. आता तुला वाटेल ते कर.”

पण वाटेल ते करणं काही सोपं नव्हतं. त्याला मुलं फार आवडतात. त्याने स्वप्नांचा हक्क मागितला होता, आणि तो मिळाल्याबरोबर हिने पुढे होऊन तो काढून घ्यायचा? शिवाय आता सांगितलं तर त्याला वाटणार, दुसरं कुणी मिळणार नाही म्हणून हिने मला धरलं. आणि न सांगता नाही म्हटलं, तर त्याला वाटणार, पुन्हा फिटमुळेच. कुठूनही पाहिलं तरी गाठ सुटत नव्हती.

तिने डॉक्टरबाईंना विचारलं. त्या हात धूत होत्या.

“सहा वर्षं माझी उत्तरं उतरवतेयस तू,” त्या नळाच्या आवाजावर ओरडल्या. “ती काय फक्त लोकांसाठी होती?”

एवढंच. पुढच्या पेशंटला हाक.

शनिवारी दुपारी ती छापखान्यात गेली. हातात मजकूर नव्हता, निळी पिशवी नव्हती. तो मागच्या पायऱ्यांवर डबा उघडून बसला होता. तिला पाहून उठायला लागला.

“बसा. मी उभीच बोलते. बसले तर मला जमायचं नाही.” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “तुम्ही सांगितलंत ते ऐकून मी गेले नाही. तुमची फिट मला... म्हणजे मला त्याचं काही नाही. कुशीवर वळवून मिनिटं मोजायची असतात, मला माहीत आहे. मी गेले ती माझ्यामुळे.”

आणि तिने सांगितलं. सगळे शब्द नीट उच्चारून. गर्भाशय. पाळी. मूल. “हं” कुठेही म्हटलं नाही. शेवटी म्हणाली, “आणि हे मी बरोबरी करायला सांगत नाहीये. तुमच्यात हे, माझ्यात ते, झाली वजाबाकी, असं मला नकोय. मला तुम्ही आवडता. यातलं काहीही नसतं तरी आवडला असता.”

तो खूप वेळ डब्याकडे बघत राहिला. “घाई करू नका,” असं मनाशी म्हणत ती उभी राहिली. पायऱ्यांवरचं ऊन तिच्या पावलांवरून सरकत होतं.

“मी खोटं बोलणार नाही,” तो शेवटी म्हणाला. “मला वाईट वाटतंय. तुमचं नाही. त्या... त्या मुलांचं. तुम्हाला आठ दिवस मिळाले होते. मला चार द्याल?”

तिला रडू येत होतं आणि हसूही. “घ्या की,” ती म्हणाली. “चाराचे पाच झाले तरी चालतील.”

“चारच.”

चार दिवस तिने काय केलं ते तिला कधी आठवलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी जिन्यावर अनोळखी पावलं वाजली. जुळारी आजवर कधी कचेरीत आला नव्हता. इस्त्रीचा पांढरा सदरा, भांग पाडलेले केस. हात इतके घासलेले की बोटांची पेरं लाल झाली होती, आणि तरीही नखांच्या कडेला शाई होतीच. खाली रांगेतल्या बायकांनी त्याला वर जाताना पाहिलं आणि एकदम गप्प झाल्या. त्या शांततेत डॉक्टरबाईंना आपण उगाच मोठ्याने बोलतोय असं पहिल्यांदाच वाटलं.

तो तिच्या टेबलापुढे उभा राहिला. बसला नाही.

“पहिले दोन दिवस मी त्या मुलांचाच विचार केला,” तो म्हणाला. “एकीचं तर नावही ठरवलं होतं मी, कधीपासून. तिला निरोप दिला. रडलो. तिसऱ्या दिवशी ठरवलं, बघू या, तुमच्याशिवाय कसं वाटतं ते. नुसतं समजायचं की तुम्ही आता छापखान्यात येणार नाही, दुसरं कुणी येणार. म्हटलं, करून तर बघू.”

“मग?” तिने विचारलं.

“दुपारपर्यंत सुद्धा नाही जमलं.” त्याने श्वास घेतला. “त्या दिवशी तू विचारू दिलं नाहीस. आता तरी विचारू का?”

ती त्या ‘तू’पाशीच अडखळली होती. तिने होकारार्थी मान हलवली.

“माझ्याशी लग्न करशील?”

“हो,” ती म्हणाली. “पण हळू बोल— बोला ना! खाली सगळ्यांना ऐकू जातंय.”

खालून डॉक्टरबाईंचा आवाज आला, “जाऊ दे! चांगलीच बातमी आहे!”

लग्न साधंच झालं. आईने सगळ्यांना आपणहून, न विचारता सांगितलं की आमच्या मुलीला मूल होणार नाही आणि जावयाला हे ठाऊक आहे. दोनचार नातलगांची तोंडं वाकडी झाली. आईने त्यांना दुसऱ्यांदा चहा विचारला नाही.

दिवस गेले. खिळे गेले, वितळवून शिसं विकलं गेलं. छापखान्याच्या जागी आता काचेच्या दारांचं दुकान आहे. डॉक्टरबाईही गेल्या, लोखंडी कपाटातली सगळी पत्रं त्यांनी जाण्याआधी स्वतःच्या हाताने जाळली. त्या पत्रांत एक जुळाऱ्याचंही होतं. सुवाच्यला ते एकदा मागून घ्यावंसं वाटलं होतं, पण तिने मागितलं नाही. मुलं त्यांना नव्हतीच. रस्त्यात एखादी लहान मुलगी उड्या मारत गेली की तो कधी कधी वळून बघायचा. लपवायचा नाही. ती त्याचा हात धरायची, आणि दोघं पुढे चालायची.

पण जुने दिवस आठवायला बसली, की सुवाच्य एका रविवारी सकाळपाशी येऊन थांबते. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. तो तिला पहिल्या दिवसापासून ‘तू’ म्हणायचा. हिची जीभ मात्र ‘तुम्ही’वरून हलत नव्हती. तो चिडवायचा, विनवायचा, ती नुसती हसायची. त्या सकाळी तो खिडकीपाशी पेपर वाचत बसला होता आणि ती कपात चहा गाळत होती. पेपर खाली पडल्याचा आवाज आला. तिने वळून पाहिलं. इतक्या वर्षांनी फिट आली होती.

किटली कुठे ठेवली ते तिला आठवत नाही. तिने स्टूल बाजूला ढकललं, त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली उशी सारली, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. उतरवून उतरवून पाठ झालेलं सगळं तिने एकेक करून केलं. दोन मिनिटं... घड्याळाचा काटा इतका सावकाश चालतो हे तिला आधी ठाऊक नव्हतं. मग त्याचं अंग सैल पडलं. श्वास लांब लांब येऊ लागला. ती त्याच्या कानाशी वाकून सारखी बोलत राहिली.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. आधी छताकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“किती वेळ?”

“दोन मिनिटं. थोडी वर.”

“घाबरलीस?”

“हो. खूप.”

खिडकीतलं ऊन त्याच्या खांद्यावर आलं होतं. मग ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

“मला ऐकू आलं,” तो पुटपुटला. “अगदी शेवटचं. तू म्हणालीस — ‘अरे, मी इथेच आहे.’”

तिने डोळे पुसले. “म्हणाले असेन.”

“अरे म्हणालीस मला.”

“मग? तुला काय... अहो म्हणून उठवायचं होतं?”

तो फार दमलेलं हसला. तिने त्याचं डोकं उचलून मांडीवर घेतलं. चहा केव्हाच गार झाला होता. त्या दिवशी तो दोघांनी तसाच प्यायला.